तुटला की तोडला

मराठी व्याकरणात अकर्मक आणि सकर्मक असे क्रियापदांचे जे दोन वर्ग शाळेत शिकविले जातात, त्यांचा परीक्षेतील चार गुणांपलीकडे काय उपयोग असतो, हे महसूल खात्यात चौतीस वर्षे कारकुनी केल्यावाचून कोणाच्या ध्यानात यावयाचे नाही. आमच्या दप्तरात कोणी कधी कागद हरविला नाही. कागद गहाळ झाले. दौत कोणी लवंडविली नाही, ती लवंडली. अपिलाची मुदत कोणी चुकविली नाही, ती टळून गेली. आणि पावसाळ्यात खिडकी उघडी राहून जमाबंदीच्या बस्त्यांचा लगदा झाला, तेव्हा ती खिडकी उघडी ठेवणारा असा कोणी इसम त्या कचेरीत कधी नोकरीसच नव्हता, असे चौकशीअंती निष्पन्न झाले. कर्त्याला अशा रीतीने वाक्यातून सन्मानपूर्वक बाहेर नेऊन बसविले म्हणजे मागे उरते ती केवळ घटना, आणि घटनेला कारणे दाखवा म्हणून नोटीस काढता येत नाही.

एवढी पूर्वपीठिका सांगण्याचे कारण असे की, गेल्या भाद्रपदातल्या एका शनिवारी सकाळी, कोल्हापूर येथील माझ्या राहत्या घराच्या पोर्चमध्ये, माझ्या मोटारीच्या गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या चेंबरचा एक बोल्ट तुटला. ‘तुटला’ हा शब्द मी विचारपूर्वक योजला आहे.

ही मोटार मी सेवानिवृत्तीनंतर घेतली, तीही दुसऱ्या मालकाकडून, आणि स्वयंचलित गिअरची. याचे कारण ऐट नसून माझा डावा गुडघा होय. त्याने क्लच दाबण्यास साफ इन्कार केला होता, आणि ज्या गाडीत क्लचचा पाय मुळातच नाही अशी गाडी घेण्यावाचून मला गत्यंतर उरले नव्हते. आमच्या गल्लीत मात्र या गाडीविषयी आरंभापासून एक प्रकारची हेटाळणी होती. ज्या कोल्हापुरात तालमीतला पोरगा ट्रॅक्टरचा गिअर एका हाताने ओढतो, तेथे आपोआप गिअर बदलणारी गाडी म्हणजे आयत्या पाटावर बसून दुसऱ्याच्या हाताने घास घेण्यासारखे होते. शेजारचे निवृत्त प्राध्यापक तर तिला ‘पेन्शनरांची पालखी’ म्हणत. त्यांच्या माहितीकरिता मी एकदा ऐतिहासिक पुरावा दाखल केला होता. असा गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर प्रथम बसविला गेला तो 1940 सालच्या नमुन्याच्या अमेरिकन ओल्डस्मोबिल गाड्यांत, ‘हायड्रा-मॅटिक’ या नावाने. आणि पुढे दोनच वर्षांत तो दुसऱ्या महायुद्धातील हलक्या रणगाड्यांत गेला. रणगाड्यात शोभणारी वस्तू पालखीत कशी मोडते, असा माझा बिनतोड सवाल होता. त्यावर प्राध्यापकांनी, आपण रणगाडा घेतला असता तर आम्हीही तुम्हांला सेनापती म्हटले असते, असे उत्तर दिले, आणि तो विषय तहकूब झाला.

या यंत्राचे मर्म असे आहे की, त्यात जे काही घडते ते तेलाच्या हाताने घडते. इंजिनाची फिरत तेलातून पुढे जाते, गिअर बदलण्याचा जोर तेलाच्या दाबातून येतो, आतल्या चकत्यांना वंगण तेच आणि त्यांची धग वाहून नेणारेही तेच. एका तेलाकडे इतकी खाती सोपविल्यावर त्याचा रंग इतर तेलांहून निराळा असावा, हे ओघानेच आले. ते लालभडक असते, कोकमाच्या आगळासारखे, म्हणजे गळाले तर कोणते तेल गळाले हे तात्काळ कळावे. हे तेल ज्यात साठते ते भांडे म्हणजे गिअरबॉक्सच्या बुडाला उलटे न लावता सुलटेच लावलेले पत्र्याचे एक उथळ ताम्हण. मिस्त्री लोक त्याला चेंबर म्हणतात. ताम्हणाचा काठ आणि वरची ॲल्युमिनियमची पेटी यांच्या मध्ये बुचाच्या लाकडाचे पॅकिंग, आणि सभोवार पंधरा बोल्ट, प्रत्येकाची जाडी सहा मिलिमीटर, म्हणजे आपल्या करंगळीहूनही पुष्कळच बारीक. या पंधरा शिपायांच्या भरवशावर तो सगळा लाल खजिना लटकत असतो.

प्रकरणाची सुरुवात फरशीवरील एका ठिपक्याने झाली. ज्योतिबाच्या यात्रेहून आलेल्या माणसाच्या अंगावरून पडलेला गुलाल असावा, अशी माझी पहिली समजूत. सौभाग्यवतींनी मात्र थेट प्राध्यापकांच्या पानाच्या पिचकारीवर संशय घेतला आणि दोन दिवस त्या बाजूच्या बोलाचालीत एक अदृश्य कुंपण उभे राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी, दार बंद असताना आणि प्राध्यापक परगावी असताना, ठिपके एकाचे तीन झाले, तेव्हा आरोपी निर्दोष ठरून तपास मोटारीच्या पोटाखाली वळला. चेंबरच्या काठाला, मागच्या कोपऱ्यात, एक लाल थेंब टपोरा होऊन लोंबत होता. बराच वेळ तो पडेल पडेल असे वाटे, आणि आपण नजर काढली की मगच तो पडे.

शहाण्या माणसाने या टप्प्यावर गाडी गॅरेजात नेली असती. परंतु निवृत्त मनुष्य शहाणा असतो ही एक लोकभ्रांती आहे. तो केवळ मोकळा असतो. माझा विचार असा झाला की, गळती याचा अर्थ ढिलाई, ढिलाई याचा उपाय आवळणे, आणि आवळणे हे तर मी चौतीस वर्षे करीत आलो. तलाठ्यांना आवळले, थकबाकीदारांना आवळले; पंधरा बोल्टांची ती कथा काय!

हत्यारांची पेटी वडिलार्जित होती. वडिलांच्या काळी मोटारी विलायतेहून येत, आणि त्यामुळे त्यांचे पाने सगळे इंचाच्या हिशेबाचे, म्हणजे आपल्या कारागिरांच्या भाषेत सुतांचे. आठ सूत म्हणजे एक इंच. त्यांतला तीन सुती पाना घेऊन मी खाली सरपटलो, तो बोल्टाच्या डोक्यावर चढेना; साडेतीन सुती घेतला, तो चढला परंतु डोक्याभोवती गरगर फिरू लागला. दहा मिलिमीटरचे डोके या दोहोंच्या बरोबर मध्ये पडते, हे गणित मी गोणपाटावर उताणा पडून सोडविले. यात मला मानवजातीच्या एका जुन्या भांडणाचे दर्शन झाले. 1841 साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने स्क्रूच्या आट्यांना एक ठराविक कोन आणि ठराविक माप असावे अशी योजना मांडली, त्यापूर्वी एका कारखान्याचा नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टाला ओळख देत नसे. व्हिटवर्थने कोन ठरविला पंचावन्न अंशांचा. 1864 साली फिलाडेल्फियात विल्यम सेलर्सने साठ अंशांचा पुरस्कार केला, आणि मग दोन्ही बाजूंनी आपापला कोन इतक्या निष्ठेने पाळला की, महायुद्धात खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या दोस्तांचे नट मात्र एकमेकांच्या बोल्टांवर बसत नव्हते. तो तंटा इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा यांनी 1948 साली एकदाचा समेटाने मिटविला, तोही पुन्हा इंचातच. जुन्या मराठीत स्क्रूला मळसूत्र असा फार सुंदर शब्द आहे. त्यात एक अनुस्वार आणि एक ‘ग’ घातला की दुसऱ्या एका आवळलेल्या बंधनाचे नाव होते, परंतु त्या विषयाची वाच्यता घरात करण्याची ही वेळ नव्हती.

बाजारातून दहाचा नवा रिंग पाना आणला. पुढची दोन चाके लाकडी ओंडक्यांवर चढविली, मागच्या चाकांना विटांची उटी लावली, आणि मी कामास रुजू झालो.

पहिला बोल्ट खरोखरच थोडा ढिला निघाला. पाना पाव फेरा फिरला आणि थांबला. आणि त्या थांबण्यात जो एक भरीव, सरकारी शिक्क्यासारखा ठामपणा होता, त्याने माझ्या अंगावर मूठभर मांस चढले. येथेच मी थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याची पाळी आली नसती. परंतु मनात आले, आणखी जरासा. हा ‘आणखी जरासा’ आपल्या रक्तात आहे. आपण नळ बंद करतो तो पाणी थांबल्यावर आणखी जरासा पिळतो, आणि दर वर्षी नवा वायसर घालतो. लोणच्याच्या बरणीचे झाकण आणखी जरासे दाबतो, आणि मग ते उघडण्यासाठी जावयाची वाट पाहतो. कुलूप लावल्यावर ते लागले की नाही म्हणून आणखी जरासे ओढून पाहतो, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा ओढावयास परत येतो. पुरेसे झाल्याची खात्री पुरेसे झाल्याने होत नाही. ती त्याच्या पलीकडे एक पाऊल टाकल्यावरच होते, आणि ते पाऊल कोठे पडते हे नंतर कळते.

वस्तुतः या बोल्टांना किती पीळ द्यावा याचे माप ठरलेले असते. ढोबळ मानाने ते असे की, एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला किलोभर तूरडाळीची पुरचुंडी टांगली असता जेवढा पीळ बसेल तेवढा. वीतभर लांबीच्या पान्यावर तो बसविण्यास मनगटाचा माफक हिसका पुरतो. मी चौदा बोल्टांवर जो जोर लावला तो डाळीच्या पुरचुंडीचा नसून पोत्याकडे झुकणारा होता. पंधरावा बोल्ट, ज्याच्याखाली तो थेंब लोंबत होता, तो मुळीच हलेना. मी समजलो की हाच फितूर. हा मुद्दाम अडून बसला आहे. तेव्हा न्हाणीघराच्या दुरुस्तीतून उरलेला लोखंडी नळीचा हातभर तुकडा मी पान्याच्या दांड्यावर चढविला. तरफेचा दांडा लांबला की जोर वाढतो, हे आर्किमिडीजला ठाऊक होते आणि मलाही. पुरेशी लांब तरफ मिळाल्यास पृथ्वी हलवून दाखवीन, असे तो म्हणाल्याचे सांगतात. परंतु त्याच्या पृथ्वीचे डोके सहा मिलिमीटरच्या मानेवर बसविलेले नव्हते.

बोल्ट तुटण्यापूर्वी एक क्षण असा येतो की, तो अत्यंत गोड वागतो. इतका वेळ दगडासारखा असलेला तो एकाएकी मवाळ होतो, लोण्यात सुरी जावी तसा पाना पुढे सरकू लागतो, आणि अननुभवी माणसाला वाटते की बसला, अखेर बसला! ज्या थकबाकीदाराने पाच वर्षे दाद दिली नाही तो एके दिवशी हसतमुखाने चहा पाजू लागला म्हणजे त्याने रात्रीतून गाव सोडण्याची तयारी केलेली असते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले होते. तरीही फसलो. ‘टक’ असा अगदी लहानसा आवाज झाला, आणि बोल्टाचे डोके माझ्या चष्म्याच्या डाव्या काचेवर पडले.

मी बाहेर आलो तेव्हा सौभाग्यवती चहा घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.

“काय झालं?”

“बोल्ट तुटला.”

त्यांनी माझ्या हातातील पान्याकडे पाहिले, पान्यावरच्या नळीकडे पाहिले, आणि विचारले, “अहो, तुटला की तोडला?”

चौतीस वर्षांत एकाही कलेक्टराने मला हा प्रश्न विचारला नव्हता.

आमच्या कोपऱ्यावर एक तरुण मेकॅनिक आहे. त्याला बोलाविले. त्याने खाली वाकून पाहिले, चेंबर उतरविला, तेल बादलीत घेतले, आणि मोठ्या आत्मविश्वासाने ‘इझी-औट’ नावाचे अवजार काढले. हे अवजार म्हणजे निमुळते, कडक पोलादाचे, उलट्या पिळाचे एक खिळ्यासारखे टोक. अडकलेल्या बोल्टाच्या पोटात गिरमिटाने भोक पाडावे, त्यात हे टोक डावीकडे फिरवीत घालावे, आणि ते जसजसे रुतेल तसतसा बोल्टही त्याच्याबरोबर डावीकडे फिरून बाहेर येईल, अशी त्यामागची कल्पना. कल्पना निर्दोष आहे. परंतु सहा मिलिमीटरच्या बोल्टात भोक पाडावयाचे ते फार तर तीन मिलिमीटरचे, त्यात जाणारे टोकही तेवढेच. म्हणजे जो बोल्ट स्वतः पूर्ण जाडीचा असताना फिरला नाही, त्याला आता त्याच्या निम्म्या जाडीच्या मध्यस्थाकरवी फिरवावयाचे. पोलाद जितके कडक तितके ठिसूळ. मी जवळ उभा राहून नुकताच ऐकलेला तो लहानसा आवाज पुन्हा ऐकला.

मेकॅनिकने वर पाहिले. “साहेब,” तो म्हणाला, “इझी-औट तुटला.”

मला तो मुलगा त्या क्षणी फार जवळचा वाटला. अकर्मकाची ही परंपरा पुढच्या पिढीच्या हाती सुरक्षित आहे, याचे समाधान मोठे होते. परंतु आता बोल्टाच्या पोटात गिरमिटालाही दाद न देणारा पोलादी तुकडा रुतून बसला होता, आणि मुळात एका तुटलेल्या वस्तूची फिर्याद होती तेथे दोन झाल्या होत्या. “उद्यमनगरला न्या,” एवढे सांगून त्याने पैसे न घेता प्रकरण वर्ग केले.

तेल नसलेला असा गिअरबॉक्स चाके जमिनीवर ठेवून ओढीत नेऊ नये, आत वंगण फिरत नाही आणि उरलेसुरलेही जळते. म्हणून क्रेन बोलावून, पुढची चाके अधांतरी उचलून, गाडीची मिरवणूक निघाली. पुढचे दोन्ही पाय वर घेतलेल्या अवस्थेत ती आमच्या गल्लीतून जात असता प्राध्यापक सज्जात उभे होते. त्यांनी हात जोडून नमस्कार केला. पालखी निघाल्यावर करतात तसा.

शिवाजी उद्यमनगर हे ज्यांनी पाहिले नाही त्यांनी कोल्हापूर निम्मेच पाहिले, असे माझे मत आहे. अंबाबाईच्या दर्शनाला येणारा यात्रेकरू तांबडा-पांढरा रस्सा ओरपून परत जातो. परंतु ज्या लोखंडाच्या रसावर हे गाव उभे आहे, तो येथे आणि आसपासच्या फाउंड्र्यांत ओतला जातो. गल्लीगल्लीतून लेथ फिरत असतात, लोखंडाचे कुरळे कीस पायाखाली कुरकुरतात, आणि कोणत्याही देशाच्या, कोणत्याही सालच्या यंत्राचा मोडका भाग घेऊन जा, समोरचा मनुष्य तो हातात उलटापालटा करून ‘परवा या’ म्हणतो. येथील एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे माझी रवानगी झाली. पांढऱ्या मिशा, डोक्याला तेलकट टोपी, आणि काम करणारी तीन पोरे भोवती असूनही दुकानात आवाज फक्त लोखंडाचा.

त्यांनी आधी काही विचारलेच नाही. गाडी खड्ड्यावर घेतली, बॅटरी पेटवून भोकात पाहिले, बोटाने चाचपले, चेंबर उलटा करून त्याच्या काठावरून अंगठा फिरविला, आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “कुणी आवळलाय ह्यो?”

“जास्त आवळला गेला असावा,” मी म्हणालो.

“आपसूक व्हय?”

मी खिशातून रुमाल काढला. बोल्टाचे तुटलेले डोके मी मुद्देमाल म्हणून जपून आणले होते. त्यावरून बोल्ट मुळातच जुना, कमजोर आणि गंजलेला होता, असा आमच्या बाजूचा युक्तिवाद होता. मिस्त्रींनी ते डोके उजेडात धरले आणि एका डोळ्याने पाहिले. तडा आधीचा असता तर तो भाग काळा-तांबूस दिसला असता. येथे सगळी जागा चकाकत होती, आणि तिच्यावर भोवऱ्यासारखा एक बारीक वळसा उमटला होता. “ह्यो पिळून तुटलाय. पीळ दिसतोय बगा,” असे म्हणून त्यांनी तो वळसा मला दाखविला. इतका त्रोटक आणि इतका निर्णायक पंचनामा मी माझ्या सबंध नोकरीत पाहिला नाही. त्यांनी पुढे चेंबरच्या काठावर पट्टी ठेवली. जेथे जेथे मी ‘आणखी जरासा’ जोर केला होता, तेथे तेथे बोल्टाच्या भोकाभोवतीचा पत्रा आत दबून दोन भोकांमधला काठ कमानीसारखा वर आला होता. म्हणजे पॅकिंग बोल्टाखाली चिरडले जात होते आणि मधल्या जागेत मोकळे राहून तेलाला वाट देत होते. मी गळती बंद करण्यासाठी जेवढे आवळले, तेवढी गळतीची सोय केली होती. तो पंधरावा बोल्ट फितूर नव्हता, तो पोलादाचा होता आणि पेटी ॲल्युमिनियमची. दोन निराळे धातू ओलाव्यात वर्षानुवर्षे एकमेकांना टेकून राहिले की मध्ये पांढरी बुरशी धरते आणि दोघे एकमेकांना सोडीत नाहीत. कोल्हापूरच्या पावसाळ्याला यासाठी वेगळी सूचना द्यावी लागत नाही.

नंतरचे दोन तास मी एका उलट्या डब्यावर बसून जे पाहिले, ते एखाद्या वैद्याने नाडी पाहावी तसे होते. आधी त्या फसलेल्या इझी-औटचा निकाल. ते गिरमिटाने कातत नाही हे खरे, परंतु काचेसारखे ठिसूळ असते. मिस्त्रींनी टोकदार पंच लावून हातोडीचे मोजके, आखूड ठोके दिले आणि त्या कडक अवजाराचे तुकडे चिमट्याने वेचून काढले. मग बॅटरीच्या तारा सोडविल्या, पेटीचा तेल सांडलेला भाग पुसून स्वच्छ केला, भिजविलेले पोते हाताशी ठेवले. बोल्टाच्या तुटक्या टोकावर एक वायसर, वायसरवर एक नट, आणि नटाच्या भोकातून वेल्डिंगचा एक झगझगीत टिपका. पोलादाचा जोड पोलादालाच लागतो, भोवतीच्या ॲल्युमिनियमला चिकटत नाही. आणि त्या धगीने ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, म्हणून बोल्टाभोवतीची मिठी क्षणभर सैल होते. म्हणजे जोड हा हातात धरावयास, आणि धग ही सोडवावयास. पहिला जोड सुटला. दुसराही सुटला. मी काही सांत्वनपर बोलणार होतो, पण पोऱ्याने माझ्याकडे पाहून ओठावर बोट ठेवले.

तिसऱ्या वेळी मिस्त्रींनी नट गार होऊ दिला, कडेने तेलाचे थेंब सोडले, पाना लावला, आणि उघडण्याच्या दिशेने न फिरविता आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलविला. मी दचकलो. मग केसभर मागे, पुन्हा केसभर पुढे. एखाद्या हट्टी पोराला ‘बरं, तुझंच खरं’ म्हणत म्हणत दाराबाहेर आणावे तसा तो बोल्ट आटा आटा करीत, चिरकत, पांढरी भुकटी सांडीत बाहेर आला. मिस्त्रींनी तो माझ्या तळहातावर ठेवला. अजून गरम होता.

उरलेले काम त्यांच्या दृष्टीने झाडलोट होती. आटे शाबूत होते, तरी सहाचा टॅप हाताने अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवून त्यांतील कचरा काढला. आटे गेले असते तर भोक मोठे करून आत तारेचे नवे आटे बसवावे लागले असते, ती वेळ आली नाही. चेंबरचा काठ लाकडी ठोकळ्यावर घेऊन हलक्या हाताने सपाट केला. चेंबरच्या तळाशी एक वाटोळे लोहचुंबक असते, आतल्या चाकांची झीज वेचून ठेवण्यासाठी. त्यावर काजळासारखी मऊ राखाडी साय धरली होती. ती दोन बोटांत चोळून पाहून मिस्त्री म्हणाले, “भुकटी हाय, तुकडं न्हाईत. गाडी चांगली हाय.” यात मालकाविषयी काही अनुच्चारित भाग होता की काय, ते मी विचारले नाही. नवे पॅकिंग आले, पंधरा नवे बोल्ट आले, आणि आवळण्याची वेळ आली तेव्हा मी डबा पुढे ओढला.

त्यांनी पाना दांड्याच्या टोकाला धरलाच नाही. बोल्टाच्या अगदी जवळ, अंगठा आणि दोन बोटे, जशी आमच्या घरी मोदकाची पाकळी धरतात. मधला एक, त्याच्या समोरचा एक, मग कोपऱ्यातला, मग त्याच्या तिरप्या कोपऱ्यातला. सगळे एकदा नुसते टेकविले, दुसऱ्या फेरीत बसविले, आणि थांबले. मला राहवले नाही. मी म्हणालो, “मिस्त्री, आणखी जरासा?”

त्यांनी पाना माझ्यापुढे केला. दुकानातली तिन्ही पोरे हातचे काम टाकून पाहू लागली. मी हात मागे घेतला.

तेल भरले. अशा गिअरबॉक्सच्या पोटातले सगळे तेल चेंबर उतरविल्याने निघत नाही, निम्म्याहून अधिक आतच राहते, म्हणून जेवढे निघाले तेवढेच मोजून घातले. इंजिन गरम करून पट्टीवर पातळी पाहिली. पोर्चमधली फरशी मी त्याच संध्याकाळी स्वतः धुतली, आणि आज तीन महिने झाले, तीवर लाल ठिपका नाही. प्राध्यापकांच्या बाजूचे कुंपणही उठले आहे.

मिस्त्रींनी शाळेच्या वहीचे पान फाडून त्यावर स्वहस्ते पावती लिहून दिली: नवीन पॅकिंग 1, बोल्ट 15, तेल, मजुरी, आणि सर्वांत वर, ठळक अक्षरांत, ‘मालकाने तोडलेला बोल्ट काढून दिला’. चौतीस वर्षे दुसऱ्यांच्या मसुद्यांतील क्रियापदे तपासून दुरुस्त केलेल्या मी ती पावती दोनदा वाचली. तीत फेरफार करण्यासारखे काही आढळून आले नाही. सबब दप्तरी दाखल केली.